नदीने कुटलेली लोकर
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमातील भाषण)



पाणचक्की म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची पाणचक्की आठवते. तिथे पाण्यावर पीठ दळलं जायचं. नेदरलँड्समध्ये मात्र पाणी लोकरीचं कापडही कुटायचं! दक्षिण लिम्बुर्गमध्ये एपन गावाजवळ ख्योल नदीवर 'फोलमोलन' ही १८व्या शतकातली गिरणी आजही उभी आहे. जवळच फाल्स आणि आखेन ही कापडाची गावं.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. पूर्वी माणसं ते हौदात घालून पायांनी तुडवत. अशा गिरण्यांनी हे कष्ट नदीवर सोपवले. पाण्याने चाक फिरतं, त्याबरोबर आडवा लाकडी आस फिरतो. आसावरच्या खुंट्या जड लाकडी हातोडे उचलतात आणि सोडतात. खाली कुंडात पाणी, तेल शोषणारी माती आणि कापड. कुठला हातोडा कधी पडणार, हे खुंट्यांच्या जागेवरून ठरतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा चक्क लाकडात लिहिलेला प्रोग्रामच वाटला! मार खाऊन लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं.

आपल्या डीमनमध्ये पाण्याला उतारच नाही, उलट ते उपसावं लागतं. म्हणून लायडन आणि झानकडे हेच काम पवनचक्क्यांनी केलं. राइक्सम्युझियममधलं रेम्ब्राँचं १६६२चं चित्र आपण पाहिलंच असेल. टेबलाभोवती बसलेले ते काळ्या टोपीवाले म्हणजे कापडाची प्रत तपासणारे अधिकारी!

पुढे एपनच्या गिरणीतलं कापडाचं काम थांबलं, तिथे धान्य दळलं जाऊ लागलं. आज निसर्ग-वारसा जपणारी 'नातूरमोन्युमेंटन' ही संस्था तिची काळजी घेते.

आता आपली घोंगडी आठवा. धनगर घरातल्या बायका सूत कातणार, सनगर खड्ड्याच्या मागावर विणणार, चिंचोक्याची खळ देणार. सगळं हातांनी. पण आज दख्खनी लोकरीला भाव नाही. कातरणीचा खर्चही सुटत नाही, म्हणून कित्येकदा ती फेकून दिली जाते.

गिरणीची इमारत दुरुस्त करता येते. मागावरचा हात मात्र एकदा थांबला की पुढच्या पिढीला शिकवणार कोण? म्हणून आजचा निधी विणकरांना आगाऊ मागणी देण्यासाठी आहे. दान नव्हे, कामाचे पैसे. यथाशक्ती हातभार लावा, ही विनंती.