पाचोळ्याचं पुढं काय होतं?

आष्टीच्या बालाघाट डोंगररांगेत उन्हाळ्याच्या तोंडावर पानगळ होते. थंड देशांतल्या जंगलात असा पाचोळा ओला राहतो आणि बुरशीमुळे वर्षानुवर्षं सावकाश कुजतो. आपल्याकडं कोरड्या दिवसांत बुरशीचं काम जवळजवळ थांबतं; ते चालू ठेवते वाळवी. वाळक्या फांदीवरचं तिचं मातीचं लिंपण खरवडून पाहा, आतलं लाकूड पोखरलेलं दिसेल. मृगाचा पाऊस पडला की मातीतले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि नत्र मुळांना मिळतं. बाभळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तर हवेतलं नत्र धरून ठेवतात. म्हणून शेतकरी बंधूंनो, कळकळीनं सांगतो, बांधावरचा पाचोळा पेटवू नका. त्यातलं बहुतेक नत्र धुरावाटे उडून जातं. स्फुरद-पालाश राखेत उरतात खरे, पण वळवाची एखादी जोरदार सर ती राख ओढ्याला नेते.