पदवीपूर्वीचा खर्च आणि पदवीनंतरचे काम
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, तिचा मी नम्रपणे स्वीकार करतो. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. परंतु माझ्या हाताखालून गेलेली मुले महाविद्यालयांत गेली, त्यांचे अर्ज भरून देण्यास मी बसलो आणि त्यांच्या वडिलांबरोबर खर्चाचा हिशेबही मांडला. त्या हिशेबातून जे उमगले, तेवढेच आपल्यापुढे ठेवण्याचे योजिले आहे.

उच्च शिक्षणाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न जुनाच आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा उच्चारला. कारण मधल्या अर्धशतकात तो गाठला गेला नव्हता. इकडे महाराष्ट्रात, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ साली खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास अनुमती मिळाली. या निर्णयाने जागा वाढल्या, आणि देणग्या भरून परप्रांतात जाणारी आपली मुले येथेच शिकू लागली, हे मान्य केले पाहिजे. परंतु पूर्वी सरकार महाविद्यालयाला अनुदान देई आणि विद्यार्थी थोडके शुल्क भरी. नव्या महाविद्यालयांचा सारा खर्च शुल्कावर, म्हणजे अखेर बापाच्या खिशावर, येऊन पडला.

पुढे सरकारने या शुल्काचा काही भाग आपल्याकडे घेतला. आपली ज्ञाती इतर मागासवर्गात मोडते. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या आपल्या मुलांचे निम्मे शिक्षणशुल्क सरकार देते. २०२४ साली झालेल्या निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, अशा मुलींचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय मोठा आहे. ज्या घरांत मुलीच्या शिक्षणाचा विचार बारावीशी थांबत असे, तेथे आता तो थांबण्याचे कारण उरले नाही.

तथापि येथे एक गैरसमज होतो. शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे आपण समजतो. शुल्काखेरीज खोलीची अनामत रक्कम आहे, खानावळ आहे, पुस्तके आहेत, संगणक आहे, येण्याजाण्याचे भाडे आहे. शहराबाहेरून येणाऱ्या मुलाचा हा खर्च कित्येकदा शुल्काची बरोबरी करतो.

राजर्षी शाहू महाराजांनी हे शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखले होते. खेड्यातील मुलाची अडचण केवळ शाळेच्या फीची नाही. कोल्हापुरात त्याने उतरावे कोठे आणि जेवावे कोठे, ही त्याची खरी अडचण आहे, हे जाणून १९०१ पासून त्यांनी वसतिगृहांना चालना दिली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जाती, अशा अनेक समाजांच्या मुलांची सोय त्यातून झाली, आणि आपल्या शिंपी समाजासाठी नामदेव वसतिगृह उभे राहिले. दरबाराने आश्रय द्यावा आणि समाजाने आपले घर आपण चालवावे, अशी ती रीत होती. आपल्या मुलांच्या निवासासाठी व भोजनासाठी सरकारने २०२३ साली सावित्रीबाई फुले यांच्या नावे आधार योजना काढली, हे स्तुत्यच आहे. मात्र ती जिल्ह्यास ६०० विद्यार्थ्यांपुरती आखलेली आहे. एका जिल्ह्यातील साऱ्या मागास ज्ञातींच्या मुलांत ६०० जागा किती पुरणार, हे मी सांगावयास नको.

आता पदवीनंतरच्या काळाकडे वळतो. आपल्या आजोबांच्या दुकानात मुलगा प्रथम केर काढी. मग बटणे लावी, काजे करी, हातशिलाई शिके. पुष्कळ दिवसांनी तो यंत्रावर बसे, आणि कात्री तर काही वर्षांनी हाती येई. कापड बिघडले तर नुकसान दुकानाचे, पण विद्या मुलाची! शिकण्याचा तो काळ दुकान सोसत होते. आज पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलालाही असा शिकण्याचा काळ लागतोच. प्रश्न इतकाच, की तो काळ आता कोणी सोसावयाचा?

कारखान्यांनी शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा कायदा १९६१ पासून आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवारास दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविले. २०२४ साली राज्याने युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये, तर केंद्राने मोठ्या कंपन्यांतील प्रशिक्षणार्थींस ५,००० रुपये देऊ केले. पण विद्यावेतन महिना भरल्यावर मिळते, आणि खोलीचा मालक पैसे आधी मागतो. माझा एक विद्यार्थी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन चाकणजवळच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून निवडला गेला. पहिल्या दोन महिन्यांची सोय होईना, म्हणून तो गेलाच नाही. आज तो गावातल्या दुकानात मोबाइल विकतो. दुकानातील काम हलके आहे असे मी म्हणणार नाही. आपण सारे दुकानावरच वाढलो. परंतु चार वर्षांची विद्या वीस-पंचवीस हजारांच्या अभावी बाजूला पडावी, याचे दुःख होते. त्यातून शैक्षणिक कर्ज काढलेले असेल, तर व्याज प्रथमपासून चढत असते, आणि अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता दारात उभा राहतो. नोकरी लागो वा न लागो.

म्हणून मंडळापुढे माझी विनंती अशी आहे. आपला शिक्षणनिधी आज मुख्यतः शाल, श्रीफळ आणि बक्षिसे यांत जातो. गुणवंतांचे कौतुक अवश्य व्हावे. पण ज्याला ९० टक्के गुण मिळाले, त्याच्या हाती दिलेल्या ५०० रुपयांनी त्याचे काहीच अडत किंवा सुटत नाही. तोच निधी दोन वेळी उपयोगी पडू शकेल: एकदा प्रवेशाच्या वेळी खोली व खानावळीसाठी, आणि दुसऱ्यांदा पदवीनंतर पहिल्या तीन महिन्यांच्या राहण्यासाठी. ही मदत बिनव्याजी आणि परतफेडीची असावी. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी जो निधी काढला, तो कर्जरूपानेच मदत देतो. एका विद्यार्थ्याने फेडलेला पैसा दुसऱ्याच्या कामी येतो, आणि घेणाऱ्याची मानही ताठ राहते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांपैकी एक वेळेवर नसला, तर मिळणारी सवलतही हातची जाते. मुलगा अकरावीत जाताच हे काम हाती घ्यावे. मंडळाच्या कार्यालयात रविवारी दोन तास बसून असे अर्ज तपासून देण्यास मी तयार आहे. आणखी दोन निवृत्त बंधू लाभले तर काम नेटके होईल.

तिसरी गोष्ट आपणांपैकी जे कारखान्यांत, बँकांत, कार्यालयांत आहेत त्यांच्यासाठी. आपल्या येथे शिकाऊ उमेदवार घेतात काय, केव्हा घेतात, कोणत्या पदवीचे घेतात, एवढी माहिती प्रत्येकाने एका पोस्टकार्डापुरती लिहून मंडळाकडे द्यावी. शिफारस नको, वेळेवर मिळालेली बातमी पुरे.

काही बंधू म्हणतील, हे सारे सरकारचे कर्तव्य आहे. होय, आहेच, आणि ६ टक्क्यांची मागणी आपण इतर ज्ञातींबरोबर उभे राहून करीत राहिले पाहिजे. परंतु सरकारचा निर्णय होईपर्यंत मुलाचे वय थांबत नाही. या जूनमध्ये जो मुलगा शहरात उतरणार आहे, त्याला या जूनमध्येच खोली हवी.

 निधीच्या या योजनेचा ठराव आजच्याच सभेत यावा, एवढी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवितो.