अंगातले राखणदार



आज कुष्ठरोगाविषयी चार गोष्टी सांगतो. आम्ही काही डॉक्टर नाही. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. पण समजून घेतलेलं सोपं करून सांगणं, हेच मास्तराचं काम.

पूर्वी लोक म्हणत, हा रोग म्हणजे मागल्या जन्मीचं पाप. ते खोटं आहे. हा रोग जंतूंमुळे होतो. नॉर्वे देशातल्या डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ साली ते जंतू शोधून काढले. हा जंतू मोठा सुस्त. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून रोग दिसायला पाच-पाच वर्षं जातात, कधी वीसही.

मग जंतू अंगात शिरला की रोग झालाच का? मुळीच नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. शंभरांतल्या पंचाण्णव जणांचे राखणदार या जंतूला पुरून उरतात. त्यांना हा रोग होत नाही.

उरलेल्यांत मुख्य तऱ्हा दोन. काहींचे राखणदार जंतूला ओळखतात आणि त्याला घेरतात. अशांच्या अंगात जंतू थोडे, चट्टेही थोडे. पण हा जंतू लपतो कुठं? कातडीतल्या संवेदनेच्या नसांत. चोराशी झटापट करताना घरातलीच भांडी फुटावीत, तशी त्या नसांची नासधूस होते. म्हणून चट्ट्यावर हात लावलेला कळत नाही, चटका बसलेला कळत नाही, घामही येत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत राखणदार जंतूला गिळतात, पण मारत नाहीत. त्यांच्याच पोटात जंतू कोट्यवधींनी वाढतात. कातडी जाड आणि चकचकीत होते. कानाच्या पाळ्या सुजतात. भुवया झडतात. अशा माणसानं औषध घेतलं नाही, तर दुसऱ्याला लागण होऊ शकते.

जंतू एकच, राखण निराळी, म्हणून रोगाचं रूप निराळं.

यावर औषध आहे. १९८१ सालापासून दोन-तीन औषधं एकत्र देण्याची रीत आली. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. त्या कुणाला सहा महिने, कुणाला बारा महिने घ्याव्या लागतात. रोग पुरा बरा होतो.

आता मुख्य गोष्ट नीट ऐका. गोळ्या चालू असताना कधी जुने चट्टे एकाएकी लाल होतात, फुगतात. कोपराजवळची नस ठणकते. कुणाला ताप येऊन अंगावर दुखऱ्या गाठी उठतात. लोक म्हणतात, "औषध उष्ण पडलं." आणि गोळ्या टाकून देतात. घात होतो तो इथंच!

बाबांनो, औषध उष्ण पडलेलं नसतं. अंगातले राखणदार खवळलेले असतात. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही ते तुटून पडतात. डॉक्टर याला रिअॅक्शन म्हणतात. गोळ्यांपूर्वी आणि गोळ्या संपल्यावरही ती येऊ शकते. या धुमश्चक्रीत नस सापडली, तर थोड्याच दिवसांत बोटं वाकडी होतात, पाऊल लुळं पडतं, पापणी मिटत नाही. वेळेवर गेलं, तर डॉक्टर सूज उतरवणारं वेगळं औषध देतात आणि नस वाचू शकते. फार उशीर झाला, तर जंतू मरतात, पण गेलेला हात परत येत नाही.

म्हणून एवढं करा. अंगावर बधिर चट्टा दिसला, की दवाखाना गाठा. चट्टा लाल झाला, नस ठणकली, तर त्याच दिवशी जा. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. आणि शेजारी या गोळ्या घेत असेल, तर त्याला पंगतीतून उठवू नका. उलट विचारा, "दादा, आजची गोळी घेतलीस ना?"