आळस की आजार?



धडधाकट माणूस दिवसभर बसून राहिला, की त्याला आळशी ठरवून आपण मोकळे होतो. पण इच्छा आणि कृती यांना जोडणारा सांधा मेंदूत आहे, आणि तोही निखळतो.

१९१७ साली व्हिएन्नाच्या फोन इकोनोमो यांनी मेंदूदाहाच्या एका विचित्र साथीचे वर्णन केले. तीतून वाचलेली कित्येक माणसे पुढे वर्षानुवर्षे पुतळ्यासारखी बसून राहिली. अनेकांची बुद्धी शाबूत होती. उठण्याची ऊर्मी तेवढी आतून येत नसे. मात्र कोणी चेंडू फेकला, तर त्यांतले काही तो अचूक झेलीत!

१९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा रोग्यांना एल-डोपा दिले. मेंदूत त्याचे डोपामिन बनते. कित्येक दशकांनी माणसे चालू-बोलू लागली. पुढे औषधाचे त्रास उद्भवले, पुष्कळांचा लाभ टिकला नाही. पण धडा टिकला.

प्रत्येक आळस हा रोग नव्हे, हे खरेच. तरी घरातले कर्ते माणूस एकाएकी निरिच्छ झाले, तर उपदेशाआधी डॉक्टरांना दाखवा. आणि अधूनमधून त्याच्याकडे चेंडू टाकीत राहा.