जुनी मोटार घेताना

माणसाच्या गरजा ज्या वेगाने वाढतात त्या वेगाने त्याचे उत्पन्न वाढत नाही, हा संसाराचा फार जुना अनुभव आहे. घरात वृद्ध आईवडील असतात, त्यांना दवाखान्यात न्यावे लागते. मुले मोठी होतात आणि दुचाकीवर मावेनाशी होतात. पावसाळ्यात रोज भिजत कामावर जाणे नकोसे होते. अशा वेळी मोटार ही चैनीची वस्तू राहत नाही, सोयीची होते. पण नव्या मोटारीपुरता पैसा गाठीशी नसतो आणि कर्जाचा हप्ता पगाराला पेलण्यासारखा नसतो. मग एखादी जुनी गाडी पाहावी, असा विचार घरात सुरू होतो. हा विचार शहाणपणाचा आहे. मात्र नवी मोटार घ्यायला पैसा लागतो, तर जुनी मोटार घ्यायला पैशाबरोबर विवेकही लागतो. त्या विवेकाविषयी आज थोडे बोलायचे आहे.

आपल्या देशात जुन्या मोटारीला एके काळी मोठा मान होता. १९८३ पूर्वी सामान्य ग्राहकापुढे मुख्यतः दोनच नावे असत. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, आणि कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला तयार होणारी अँबॅसडर. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच हाती असलेली जुनी गाडी सोन्यासारखी जपली जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या दाराशी मोटार उभी राहण्याचे दिवस सुरू झाले. २०१४ साली या मारुती ८०० चे आणि त्याच वर्षी अँबॅसडरचेही उत्पादन थांबले. आज परिस्थिती नेमकी उलट आहे. नवनवी वाहने बाजारात येतात आणि पुष्कळ लोक सुस्थितीतील गाडीही काही वर्षांत बदलतात. जुन्या गाडीच्या ग्राहकाला आता टंचाई गाडीची नाही. टंचाई आहे ती पारखीची.

पहिला प्रश्न पैशाचा. समजा, कोणी तीन लाख रुपये मोठ्या कष्टाने साठवले आहेत. तो सहसा तीन लाखांची गाडी शोधू लागतो, आणि येथेच हिशेब चुकतो. जुनी गाडी घरी आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच टायर, बॅटरी, ब्रेकचे पॅड, इंजिनचे तेल, पट्टे यांपैकी दोनतीन गोष्टी तरी हात पसरतात. शिवाय विमा आणि नाव बदलण्याचा खर्च आहेच. म्हणून तीन लाख असतील तर गाडी अडीच लाखांच्या आतली पाहावी आणि उरलेली रक्कम बाजूला ठेवावी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण जणू अशाच व्यवहारासाठी घडली आहे. कोंबडीपुरते पैसे सर्वांपाशी असतात. मसाल्याचा विचार फार थोडे करतात.

दुसरा प्रश्न, कोणती गाडी घ्यावी हा. बारा-पंधरा वर्षे वापरलेली एखादी भारी परदेशी गाडी नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते आणि मन भुलते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गाडीची किंमत काळाबरोबर उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत तशी उतरत नाही. गाडी आपल्या ऐपतीला आली, म्हणून तिचे दुरुस्तीचे बिल ऐपतीला येत नाही. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. जिचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि जिची रचना कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या हाताला सरावाची आहे, अशी सर्वत्र खपलेली साधी गाडी तुटपुंज्या पैशात सर्वांत सुखाची ठरते. ज्या कंपन्यांनी देशातील धंदा आवरता घेतला त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात. जनरल मोटर्सने २०१७ अखेर येथील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. या गाड्या वाईट असतात असे मुळीच नाही. परंतु आपल्या गावात त्यांची देखभाल कोण करील, याचे उत्तर आधी मिळवावे आणि मगच स्वस्ताईचा आनंद मानावा.

काटकसर करताना जिवाची काटकसर होऊ नये. चाके जागीच जखडू न देणारी एबीएस ही ब्रेकची व्यवस्था आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत आवश्यक झाली. चालकापुढील एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या पुष्कळशा स्वस्त गाड्यांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्या केवळ वरच्या श्रेणीच्या गाड्यांत मिळत. म्हणून एकाच किमतीत एक वर्ष नवीन पण साधी, आणि एक वर्ष जुनी पण या साधनांनी युक्त, अशा दोन गाड्या समोर आल्या तर दुसरीकडे झुकण्यातच शहाणपण आहे. चकचकीत चाके आणि गाण्याचे यंत्र नंतरही बसवता येते. एअरबॅग तशी बसवता येत नाही.

आता कागदपत्रे. गाडी पाहण्यापूर्वी कागद पाहावेत, असे मी मुद्दाम सांगतो. कारण एकदा गाडी डोळ्यांत भरली की कागदांकडे पाहण्याची इच्छा राहत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरचा चासिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी अक्षर न् अक्षर ताडून घ्यावा. प्रमाणपत्रावर बँकेचे तारण नोंदलेले असेल, तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि तारण उतरवण्याचा पस्तीस क्रमांकाचा नमुना विक्रेत्याकडून आधी मागावा. कर्ज फिटले आहे असे तोंडी सांगणे निराळे आणि ते कागदावर उतरणे निराळे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत गाडीची बरीचशी माहिती घरबसल्या पाहता येते. तिच्यावर दंडाची चलने थकलेली आहेत काय, हेही पाहता येते. मागच्या मालकाच्या उतावळेपणाचा दंड आपण का भरावा?

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. काही राज्यांत यावर पर्यावरण करही द्यावा लागतो. चौदाव्या वर्षीची गाडी एकाएकी स्वस्त का मिळते, याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा निरनिराळ्या ठिकाणी वसलेल्या आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट जपावी. परराज्यातील गाडी घेतली तर मूळ नोंदणी कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो आणि नव्या राज्यात बहुधा रस्ताकर पुन्हा भरावा लागतो. मूळ राज्याकडून कराचा काही भाग परत मागता येतो. पण त्यासाठी खेटे घालण्याची चिकाटी हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने या बाबतीत काही सवलत दिली. या धोरणामुळे तिकडच्या अनेक गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. त्या घेऊ नयेत असे नाही. पण व्यवहाराच्या दिवशी कोणता नियम चालू आहे आणि आपले कार्यालय ती गाडी नोंदवून घेईल काय, हे आधी विचारावे.

कागद मनासारखे असतील तर मग गाडीकडे वळावे. आपल्याकडे बैलबाजारात बैलाचे दात मोजून, त्याला चालवून, त्याच्या खांद्यावरून हात फिरवून मगच रुमालाखाली बोटे धरली जात. मोटारीची परीक्षा याहून निराळी नाही. ती स्वच्छ दिवसाउजेडी करावी. पावसात भिजलेल्या किंवा रात्रीच्या दिव्याखाली उभ्या केलेल्या गाडीच्या रंगातले दोष दिसत नाहीत. दारे आणि बॉनेट यांच्या कडांमधील फटी सर्वत्र सारख्या आहेत काय, एखाद्या पत्र्याचा रंग शेजारच्या पत्र्याहून वेगळा वाटतो काय, बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत काय, हे पाहावे. या गोष्टी जुन्या अपघाताची साक्ष देतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुने रबर विश्वासाचे नसते.

इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावे. आपण पोचण्यापूर्वीच विक्रेत्याने गाडी तापवून ठेवली असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच ते कळते आणि मनात शंकेला जागा द्यावी. मागून निळसर धूर निघत राहिला तर इंजिन तेल जाळत आहे. काळा धूर असेल तर इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर थंडीच्या दिवसांत सुरुवातीला क्षणभर निघणे स्वाभाविक आहे, पण तो थांबेचना तर थंडाव्याचे पाणी जळणाच्या जागी शिरत असावे. तेलाचे झाकण उघडून आतल्या बाजूस दुधाळ साय दिसली, तरी तेलात पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. ज्या इंजिनात टायमिंगचा रबरी पट्टा असतो, तेथे तो कधी बदलला याची पावती मागावी. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि जुन्या गाड्या त्याचा विचार करून घडवलेल्या नव्हत्या. तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या आणि सांधेही पाहून घ्यावेत.

मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई अशा समुद्राकाठच्या गाडीला खारी हवा खाते. वरून रंग तुकतुकीत असतो आणि खाली तळ पोखरलेला असतो. म्हणून पायाखालची चटई उचलून पत्रा पाहावा. पुरात बुडालेली गाडी ओळखणे त्याहून कठीण. २६ जुलै २००५ ची मुंबई, डिसेंबर २०१५ ची चेन्नई, २०१८ चे केरळ, अशा प्रत्येक महापुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन पुसून त्या पुन्हा बाजारात उभ्या राहतात. आसनाचा पट्टा अगदी शेवटापर्यंत ओढून पाहावा आणि जादा चाकाच्या खालची जागा चाचपावी. धुणाऱ्याचा हात पोचत नाही तेथे चिखल आपली आठवण ठेवून जातो.

जुन्या गाडीचा विक्रेता अनेकदा मोठा कथाकार असतो. गाडी एका डॉक्टरांनी वापरलेली असते, ती कधी गावाबाहेर गेलेली नसते आणि दहा वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली असते. कथा ऐकून घ्यावी आणि नजर पायाखालच्या पॅडलांवर ठेवावी. रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, सुकाणूचे चाक हातांनी चकाकले असेल, तर मीटरमधील आकड्यापेक्षा त्यांचे म्हणणे अधिक खरे मानावे. देखभालीच्या पावत्या असतील तर त्यांवरचे आकडे तारखांसह जुळवावेत. शेवटी आपला स्वतःचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याच्या वेळेचे पैसे खुशीने द्यावेत. तेवढे वाचवून आपणच सर्वज्ञ व्हायला गेलो, तर अतिशहाण्याचा बैल रिकामा राहायला वेळ लागत नाही. दोष आढळले म्हणून गाडी सोडलीच पाहिजे असेही नाही. ज्या दोषाची किंमत ठाऊक आहे तो सौद्यात वजा करता येतो. ज्याची किंमत कोणी सांगू शकत नाही, त्या दोषापासून दूर राहावे.

व्यवहार ठरल्यावर एक काम पुष्कळ लोक आळसाने मागे टाकतात, ते म्हणजे नाव बदलणे. एकोणतीस आणि तीस या क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या घेऊन ते कपाटात ठेवले जातात. हा आळस विकणाऱ्यालाच अधिक घातक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपघाताच्या नुकसानभरपाईच्या बाबतीत नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल, मग गाडी मध्यंतरी कितीही हातांतून गेलेली असो. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक विकली गेली होती आणि नोंदीत पहिल्याचेच नाव राहिले होते. म्हणून विकणाऱ्याने नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत स्वस्थ बसू नये, आणि घेणाऱ्यानेही चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट ही जुन्या मालकाची असते. ती गाडीबरोबर येत नाही, हेही हिशेबात धरावे.

इतके सारे ऐकून कोणाला वाटेल, की यापेक्षा बसने गेलेले बरे. तसे वाटल्यास तोही एक शहाणपणाचा निर्णय आहे. गाडी नसणे यात उणेपणा काहीच नाही. पण जो घेणार आहे त्याने घाई करू नये. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत, आणि आज हातची गेली तर आठ दिवसांनी दुसरी येते. साठवलेला पैसा मात्र एकदा गेला की आठ दिवसांत परत येत नाही. सहा गाड्या पाहून सातवी घेणारा सहसा पस्तावत नाही. मग ती गाडी दहा वर्षांची असो की बारा, वृद्ध आईला दवाखान्याच्या दारापर्यंत कोरडी नेऊन सोडते तेव्हा तिच्या जन्मसालाची चौकशी कोणी करीत नाही.