डोंबिवलीचा निकाल आणि आपला कापूस
(डोंबिवलीत राहणाऱ्या, गावाकडे कोरडवाहू शेती असलेल्या कुटुंबांच्या बैठकीतील भाषण)



कापसाचं बोलायला डोंबिवलीत कशाला आलात, असं आम्हाला विचारतात. उत्तर निकालातच आहे. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या २८८ जागांपैकी महायुतीला २३० मिळाल्या, महाविकास आघाडीला ४६. डोंबिवलीत भाजपचे रवींद्र चव्हाण ७७ हजारांच्या मताधिक्यानं लागोपाठ चौथ्यांदा आले.

पण कोण जिंकलं एवढ्यावर थांबू नका. जागा कुठं आहेत तेही मोजा. २००४ मध्ये अविभाजित ठाणे जिल्ह्यात १३ आमदार होते. २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघ नव्यानं आखले आणि २००९ ला ते २४ झाले. डोंबिवली हा वेगळा मतदारसंघ तेव्हाचाच. विदर्भाच्या जागा मात्र ६६ वरून ६२ वर आल्या. माणूस गेला तिकडं आमदार गेला. इथं कोकणातले आले, परप्रांतातले आले, आणि कापूस-ज्वारीत भागेना म्हणून तुम्हीही आलात.

दुसरी गोष्ट. त्याच साली लोकसभेला ४८ पैकी आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा होत्या. भावाचा राग गावोगाव होता. मग जुलैपासून बहिणींना महिना दीड हजार सुरू झाले आणि गावातलंही मत फिरलं. बहिणीच्या हाती पैसा आला, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण हिशेब करा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. गरजेपोटी कुणी ६,०२१ ला दिला, तर बारा क्विंटलला अठरा हजार गेले. बहिणीचे वर्षाचे दीड हजारही अठरा हजारच. घामाचे गेले, मदत म्हणून आले.

निवडणूक झाली. ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. वेचणीच्याच तोंडावर!

राग एका निवडणुकीत विरतो, हिशेब विरत नाही. म्हणून मागणं एकच. उमेदवार इथं पाणी, रस्ते, लोकल यांवर बोलायला येईल, तेव्हा त्याला कापसाच्या आयातीचं आणि ज्वारीच्या खरेदीचंही विचारा. गावातला भाऊ तिथं विचारेल, तुम्ही इथं विचारा. सातबारा एकच आहे, प्रश्नही एकच असू द्या.