चूल, छप्पर आणि संसाराचा खर्च
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा हा मास्तर शिक्षणावर बोलणार, अशी आपली समजूत झाली असेल. परंतु हयातभर खडू हाती धरलेल्या माणसाने आज चुलीवर बोलावयाचे ठरविले आहे. सरपण, गॅस आणि वीज यांवरील खर्च थोडक्या साधनांनी कसा आवरावा, हा माझा विषय. तो क्षुल्लक का नाही, हे ओघाने येईलच.

चंद्रपूरलगतच्या दुर्गापूर येथील औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. आपला जिल्हा साऱ्या महाराष्ट्राला उजेड देतो. पण दिव्याखाली अंधार म्हणतात, त्यातलाच आपला प्रकार. उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, पंखे व कूलर अहोरात्र फिरतात आणि बिल पाहून घरधन्याला घाम फुटतो. सिंदेवाही-मूलपासून थेट धानोऱ्यापर्यंत खेड्यापाड्यांतील पुष्कळ चुली आजही रानातील मोळीवर पेटतात. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गोरगरिबांच्या घरी सिलिंडर पोचले. पण रिकामे सिलिंडर भरावयास पैसा लागतो. तो नसला की गृहिणी पुन्हा रानाची वाट धरते.

त्या वाटेवर काय वाढून ठेवलेले असते, हे आपणांस सांगावयास नको. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. त्या सरपणासाठी गेल्या नव्हत्या, हे खरे. पण रान तेच आणि वाघही तेच. म्हणून मी म्हणतो, घरातील एक मोळी वाचली की कुणाची तरी रानातील एक फेरी वाचते. हा हिशेब पैशांत मांडता येत नाही.

आता उपायांकडे वळू. प्रथम चूल. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला; तेथील ‘मगन चूल’ धुराड्याची होती. पुढे सरकारनेही सुधारलेल्या चुली वाटल्या. पण धुराडी साफ करावयाचे राहिले आणि चुली कोपऱ्यात पडल्या. म्हणून बोध इतकाच घ्यावयाचा की, जे आपल्या हाताने दुरुस्त करता येईल तेच टिकते. भांडे चुलीवर नीट बसावे, बाजूने जाळ वाया जाऊ नये. लाकडांखाली लोखंडी जाळी ठेवावी, म्हणजे खालून वारा मिळून जाळ स्वच्छ लागतो. लाकूड बारीक फोडून पावसाळ्यापूर्वी आडोशाला रचावे. ओल्या लाकडाचा बराच जोर स्वतःचे पाणी आटविण्यातच जातो.

डाळ आधी भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे, शक्य तेथे कुकर वापरावा. आपण भात खाणारी माणसे. भाताला चांगली उकळी येऊन पाच मिनिटे झाली की पातेले झाकणासह तणसाने गच्च भरलेल्या टोपलीत ठेवावे आणि वरून गोधडी झाकावी. कोंडलेल्या उष्णतेवर तास-पाऊण तासात भात आपोआप शिजतो. गॅस असो वा चूल, बचत दोहोंकडे होते.

दुसरे छप्पर. कवेलूंची घरे जाऊन टिनाचे पत्रे आणि स्लॅब आले. घर पक्के झाले खरे, पण भट्टीही झाले. फाल्गुनात पत्र्यावर अथवा स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा रंग ऊन परतवितो आणि घरातील उष्मा दोन-चार अंशांनी उतरू शकतो. पत्र्याखाली हातभर अंतरावर बांबूच्या तट्ट्यांचे छत घालावे. मात्र ते चुलीच्या वर नको. पश्चिमेच्या भिंतीला मांडव घालून वेल चढवावी.

तिसरी वीज. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे खातो. ९ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटही खात नाही. जुना पंखा ७५ वॅटचा. दिवसाला बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिटे होतात. नव्या पद्धतीचा ३० वॅटचा पंखा ११ युनिटांत भागवितो. घरगुती बिलात १०० युनिटांपुढील युनिटांचा दर बराच चढा असतो, म्हणून शंभराच्या आत राहणाऱ्या घराला दुहेरी लाभ होतो.

शेवटी एक कबुली. मी नोकरीत असताना घर बांधले, तेव्हा बैठकीला तीन खिडक्या ठेवल्या. पाहुणे येतात ना! स्वयंपाकघराला एकही ठेवली नाही. वर्गात मुलांना हवा-उजेडाचे महत्त्व शिकविणारा मी, आणि माझ्या घरात पत्नी धुरात खोकत भाकरी भाजीत होती. निवृत्तीनंतर चुलीवरची भिंत फोडून झरोका केला, वर दोन पारदर्शक पत्रे बसविले. एका दिवसाचे गवंड्याचे काम! धूर वर निघून गेला, दिवसाचा दिवा बंद झाला. पत्नी झरोक्याकडे पाहत म्हणाली, “अहो, हे तीस वर्षांपूर्वी नसतं का सुचलं?” मजजवळ उत्तर नव्हते. तिचा खोकला अद्याप गेलेला नाही.

म्हणून मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या लग्नांतून आहेराला भांड्यांची रास पडते, त्यातील निम्मी माळ्यावर जातात. त्याऐवजी नवदांपत्यास एक चांगला कुकर आणि एलईडी दिव्यांची जोडी द्यावी. आणि येथून घरी गेल्यावर प्रत्येक पुरुषाने एकदा आपल्या स्वयंपाकघरात जाऊन घटकाभर बसावे. काय दुरुस्त करावयाचे, हे त्यास तेथेच उमजेल.